सँडविचच्या काउंटरवर गप्प राहू नका

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका साखळी सँडविच दुकानात काउंटरवर काम करते. आधी पाव भाजायला होते, मग भाज्यांच्या ट्रेपाशी आले, आता नव्या मुलामुलींना शिकवायचं कामही माझ्याकडं असतं. साखळीचं नाव लिहीत नाही, कारण इथलं सांगणं अशा कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल, जिथं तुम्ही काचेच्या बाहेर, आम्ही आत, आणि पाव तुमच्या डोळ्यांसमोर चिरून त्यात एकेक जिन्नस भरला जातो.

मला सगळ्यात जास्त लागतं ते माणसांचं गप्प होणं. जी मावशी मिसळीच्या दुकानात "ओ मामा, कट आणा की जरा" म्हणून हक्कानं हाक मारते, तीच आमच्या काचेसमोर आली की आवाज खाली घेते. "पोरी, तूच घाल काय चांगलं लागतंय ते," म्हणते. मी मनापासून घालते, पण तिच्या जिभेला काय आवडतं ते मला कसं कळणार? मग ती दोन घास खाऊन उरलेलं नातवापुढं सरकवते आणि पुन्हा येत नाही. चूक तिचीही नाही आणि पावाचीही नाही. या दुकानाची रीत तिला कुणी सांगितलेली नसते, एवढंच. म्हणून हे लिहितेय.

मिसळीत आधी ताट येतं, मग आपण मागत जातो. कट वाढवा, ब्रेडच्या दोन स्लाइस द्या, कांदा आणा. इथं सगळं मागणं आधी होतं, तेही चालता चालता. पाव, आतलं सारण, चीज, भाजायचं की नाही, भाज्या, सॉस, मग बिल. प्रत्येक ठिकाणी निर्णय एकदाच, आणि कागदात गुंडाळल्यावर काही बदलता येत नाही. ही पद्धत सबवे या अमेरिकन साखळीनं जगभर नेली. १९६५ साली कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावात फ्रेड डेल्युका नावाच्या सतरा वर्षांच्या मुलानं पीटर बक या ओळखीच्या अणुशास्त्रज्ञाकडून हजार डॉलर घेऊन पहिलं दुकान काढलं. भारतात ते २००१ मध्ये दिल्लीत आले. त्यांचं बघून बाकीच्यांनीही हीच रांग उचलली. त्यामुळं रीत एकदा समजली की कुठल्याही गावातल्या दुकानात तुम्ही अडत नाही.

रांगेत उभं राहण्याआधी

दारातून आत आल्यावर लगेच काचेला चिकटू नका. दोन पावलं मागं थांबून वरचा फलक वाचा. मागं माणसं असतील तर त्यांना पुढं जाऊ द्या, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. फलकावर दोन किमती दिसतील, छोट्या पावाची आणि मोठ्याची. छोटा सहा इंची, मोठा बारा इंची. दोघांत एक मोठा घेणं बहुतेक वेळा दोन छोट्यांपेक्षा स्वस्त पडतं, आणि मधून कापून दोन कागदांत बांधून द्या म्हटलं की देतात. एका अर्ध्यात कांदा नको, दुसऱ्यात तिखट हवं, हेही चालतं. सारण मात्र एकच असतं. अर्धं पनीर आणि अर्धं आलू हवं असेल तर आधी विचारा, काही दुकानांत महागड्या सारणाचा दर लावतात.

किमतीजवळ बारीक अक्षरांत कॅलरी लिहिलेल्या असतात. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या साखळीनं त्या दाखवल्याच पाहिजेत, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम जुलै २०२२ पासून लागू आहे. कशात गहू, दूध, सोया, शेंगदाणा आहे याचीही माहिती दुकानात असायला हवी. ज्यांना अशा एखाद्या गोष्टीचा त्रास होतो त्यांनी संकोच न करता तो तक्ता मागावा. तो मागणारं गिऱ्हाईक आलं की मला बरं वाटतं, कारण नंतर अंगावर गांधी उठलेलं लेकरू बघण्यापेक्षा आधी दोन मिनिटं तक्ता वाचलेला केव्हाही चांगला.

वेळेचं म्हणाल तर दुपारी एक ते दोन कॉलेजची पोरं असतात आणि संध्याकाळी सात ते नऊ घरची माणसं. पहिल्यांदाच येत असाल, बरोबर आई-वडील किंवा गावाकडचे पाहुणे असतील, तर साडेतीन ते पाचच्या मधे या. त्या वेळी आम्हाला बोलायला सवड असते. पनीर कसलं, हा सॉस गोड की आंबट, हे नीट सांगता येतं. गर्दीत तीच मुलगी तुम्हाला तुटक वाटेल. ती उद्धट नसते, तिच्या पाठीमागं ऑनलाइन ऑर्डरच्या पावत्यांची पट्टी लोंबत असते.

पाव

"कुठला ब्रेड?" हा पहिला प्रश्न, आणि इथंच माणसं गडबडतात. साधा पांढरा, गव्हाच्या पिठाचा किंवा अनेक धान्यांचा, वर मसाला लावलेला, असे तीन-चार प्रकार असतात. पहिल्यांदा खाणाऱ्यानं मसाला लावलेला घ्यावा. नुसत्या पावालाच चव असते, म्हणून सॉसवर फार अवलंबून राहावं लागत नाही. ज्यांना साखरेचा विकार आहे त्यांनी गव्हाच्या नावावर निर्धास्त होऊ नये. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तिथल्या सबवेच्या पावात पिठाच्या दहा टक्के साखर आहे, म्हणून तो कराच्या कायद्यात 'ब्रेड' ठरत नाही, असा निकाल दिला होता. आपल्याकडच्या प्रत्येक साखळीचा पाव तसाच असेल असं नाही, पण साखर किती ते विचारायला हरकत कसली?

"ताजा कुठला आलाय?" हा प्रश्न मला फार आवडतो. पाव दिवसातून काही वेळा भाजला जातो आणि आत्ता कुठला निघाला हे आम्हाला पक्कं माहीत असतं. मात्र ओव्हनमधून त्या क्षणी निघालेल्या पावाचा हट्ट धरू नका. गरम पाव चिरताना दबतो, आतून चिकट राहतो. थोडा निवलेलाच चांगला चिरला जातो.

काही गिऱ्हाइकं पावाच्या लांबीवर बोट ठेवतात. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मुलानं बारा इंची पावाशेजारी टेप धरून फोटो टाकला, तो अकराच इंच भरला. त्यावरून अमेरिकेत खटले झाले. तिथल्या न्यायालयात दिसलं ते असं, की गोळा सगळ्यांना सारख्या वजनाचा असतो, फुगताना आणि भाजताना कुठला लांबट होतो, कुठला रुंद. तेव्हा बुटका दिसणारा पाव मिळाला तर तो जाडीला जास्त असतो, तुमचं काही कमी झालेलं नसतं. पण कडा करपलेला, चिरताना भुगा पडणारा पाव निघाला तर बेलाशक "दुसरा द्या" म्हणा. त्या टप्प्यावर बदलणं आम्हाला एका क्षणाचं काम असतं.

सारण, हातमोजे, सोवळं

कोल्हापुरात मटण खाणारी घरं पुष्कळ, आणि त्याच घरांत सोमवार, गुरुवार, श्रावण पाळणारी माणसंही पुष्कळ. शिवाय या भागात जैन समाज मोठा आहे. म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगते.

पुष्कळ दुकानांत शाकाहारी आणि मांसाहारी काउंटर वेगळे असतात. सुऱ्या वेगळ्या, फळ्या वेगळ्या. तरी तुमची मागणी सांगण्याआधी "शाकाहारी आहे, हातमोजे बदला" एवढं म्हणा. आमच्याकडं आम्ही आपणहून बदलतो, पण म्हटलेलं कुणाला लागत नाही. ओव्हन एकच असेल आणि ते तुम्हाला चालत नसेल तर न भाजता घ्या. मेयोनीज अंड्याचं की बिनअंड्याचं हे बाटलीवरच्या हिरव्या खुणेवरून कळतं, बाटली दाखवा म्हणा.

जैन मंडळींना वाटतं, कांदा नको म्हटलं की झालं. तसं होत नाही. लसूण तीन ठिकाणी लपलेला असतो, मसाल्याच्या पावात, पॅटीत आणि सॉसमध्ये. बटाट्याची पॅटी तर सोडाच. साधा पाव, साधं पनीर किंवा नुसत्या भाज्या, चीज, वर मीठ, मिरपूड, ऑलिव्ह तेल, हे सांगायला सोपं आणि खायला चांगलं. चातुर्मासात सूर्यास्ताआधी येणाऱ्या एका कुटुंबासाठी आम्ही हेच करतो. ती माणसं काचेपाशी येऊन पहिलं वाक्य "आम्ही जैन आहोत" हेच बोलतात, आणि पुढचं सगळं सुरळीत होतं. मांसाहारी माणसांना मी एवढंच सांगेन की चिकनचे तुकडे थंडच घेऊ नका. भाजायला सांगा, म्हणजे ते पुन्हा एकदा नीट गरम होतात.

भाजायचं की नाही, हा प्रश्न घाईत विचारला जातो. पनीर, चिकन, पॅटी, काही असो, हो म्हणा. चीज वितळून सारणाला धरून ठेवतं आणि पावाला वरून कुरकुरी येते. पार्सल असेल तर त्याचं वेगळं गणित आहे, ते शेवटी सांगते.

भाज्या आणि तिखटाचा प्रश्न

"सगळं घाल" हे वाक्य मी सर्वात जास्त ऐकते. त्यानं नुकसान तुमचंच होतं. आठ-नऊ भाज्या एकदम पडल्या की प्रत्येकीची चिमूट पडते आणि चव कुणाचीच लागत नाही. भाज्यांचे बहुतेक दुकानांत वेगळे पैसे नसतात. म्हणून चार निवडा आणि त्या भरपूर मागा. माझी आवड सांगते: लेट्युस, काकडी, कांदा, ढबू मिरची. टोमॅटो घेतलात तर दोनच चकत्या. टोमॅटोला पाणी फार, आणि त्यावर मीठ पडलं की आणखी सुटतं.

भाज्या मागताना बोट दाखवून नाव घ्या. नाव माहीत नसेल तर "हे हिरवं काय?" म्हणून विचारा. ऑलिव्ह, पिकल (सिरक्यातली काकडी), जॅलपिनो (मेक्सिकन मिरची) ही नावं जन्मतः कुणालाच येत नाहीत. आमच्याकडं नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या आठवड्यात मी तिला हेच घोकून घेते: गिऱ्हाइकानं नाव चुकीचं घेतलं तर दुरुस्त करायचं नाही, त्या भाजीवर चिमटा ठेवून "ही ना?" विचारायचं. गावातल्याच दुसऱ्या एका दुकानात गारगोटीकडून आलेल्या एका बाईंना "हॅलोपिन्या" म्हटल्यावर काउंटरवरची मुलं हसलेली मी बाहेरच्या रांगेतून पाहिलंय. त्या बाई काही न घेता निघून गेल्या. तुमच्या वाट्याला असं आलं तर निघून जाऊ नका. तिथंच मॅनेजरला बोलवा आणि सगळ्यांसमोर शांतपणे सांगा. लाज त्यांची आहे.

आता तिखट. कोल्हापूरचं माणूस पहिला घास घेतलं की म्हणतं, "अळणी लागतंय की ओ." बरोबर आहे. ही पाककृती आपल्या जिभेसाठी बनलेलीच नाही. लोक मग लाल सॉस जास्त मागतात आणि तिथंच फसतात. तो सॉस निम्मा गोड असतो, जास्त घातला की पाव ओला आणि चव साखरेची. जॅलपिनोवरही फार भिस्त नको. ताज्या जॅलपिनोचा तिखटपणा २,५०० ते ८,००० स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं माप) धरतात, म्हणजे आपल्या लवंगीपुढं ती फारच नेमस्त, आणि इथं ती सिरक्यात मुरलेली असते. तिच्यात आंबटपणा पुढं, झणका मागं.

मग करायचं काय? सारणाच्याच पातळीवर तिखट आणा. टिक्का किंवा तंदुरी मसाल्याचं सारण घ्या, साधं नको. भाजण्याआधी त्यावर चिली फ्लेक्स आणि मिरपूड टाकायला सांगा. आधी टाकली तर ती चीजमध्ये मुरते, नंतर टाकली तर नुसती कागदावर सांडते. कांदा जास्त घ्या. गोड सॉसऐवजी पुदिन्याचा घ्या. एवढ्यानं भागत नसेल तर आणखी एक रस्ता आहे. शाहूपुरीतले एक आजोबा खिशात कागदाच्या पुडीत घरची कांदा-लसूण चटणी घेऊन येतात, टेबलावर पाव उघडतात आणि चिमूटभर पसरतात. एकदा त्यांनी मलाही चाखायला दिली. पनीरच्या सँडविचवर त्याहून चांगलं मी काही खाल्लेलं नाही. आमच्या दुकानात कुणी हरकत घेत नाही, दुसरीकडं विचारून घ्या.

सॉस दोनच. एक तिखट किंवा आंबट, एक मऊ. "एक ओळ" किंवा "अगदी थोडा" असं मापानं सांगा, नाहीतर बाटली सवयीनं तीनदा फिरते. बघा, आम्ही दिवसभर त्याच हातानं तेच करत असतो. थांबवायचं काम तुमचं. "बस" म्हटलं की हात थांबतो.

बिल आणि तक्रार

बिलाजवळ विचारलं जातं, "मील करू का?" म्हणजे बरोबर थंड पेय आणि बिस्कीट किंवा चिप्स. ते घ्यायचं मनात नसेल तर नुसतं "नको" म्हणा, कारण द्यायची गरज नाही. आम्हाला विचारावंच लागतं. बिलात साधारणपणे पाच टक्के जीएसटी असतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. सेवाशुल्क वेगळं लावलं असेल तर ते सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसं बजावलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. काढा म्हटलं की काढलं पाहिजे. बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांकही असतो. बिल फेकू नका, खाऊन होईपर्यंत तरी ठेवा.

काही बिघडलं तर पहिल्या-दुसऱ्या घासालाच उठा. पाव थंड आहे, केस निघाला, मागितलेलं सारण नाही, जे असेल ते काउंटरवर दाखवा. सगळं संपवून सांगितलं तर आम्हालाही मालकापुढं काही दाखवता येत नाही. बोलताना काय हवंय ते आधी सांगा: "हे बदलून द्या" किंवा "पैसे परत द्या". नुसतं रागावून गेलात तर माझ्या हातात काही उरत नाही. एक गोष्ट लक्षात घ्या, अशी दुकानं बहुतेक करून फ्रँचायझीची असतात. पाटी परदेशी असली तरी मालक पुष्कळदा इथलाच कुणीतरी असतो आणि गावात नाव जाण्याची त्याला काळजी असते. त्याच्याशी बोललात तर बरेच प्रश्न तिथंच मिटतात. नाही मिटले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि अन्नाच्या स्वच्छतेबद्दल असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडं जाता येतं.

गूगलवर अभिप्राय लिहीत असाल तर वार, वेळ, काय मागितलं आणि काय मिळालं हे लिहा. "बेकार सर्व्हिस" एवढ्यातून कुणालाच काही सुधारता येत नाही. "मंगळवारी रात्री आठला पाव वातड होता" असं वाचलं की मी त्या पाळीचा भाजणीचा तक्ता काढून बघते. आणि कुणी चांगलं वागलं असेल तर त्याच्या शर्टावरचं नाव जरूर लिहा. पगारवाढीच्या वेळी ती ओळ कामाला येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पार्सल

घरी मागवताना सॉस वेगळ्या वाटीत, टोमॅटो नको, पाव थोडा जास्त भाजून, या तीन सूचना ॲपमधल्या रकान्यात मराठीत लिहिल्या तरी चालतात, आम्ही वाचतो. कळंब्याला किंवा उजळाईवाडीला पोहोचेपर्यंत बंद कागदात वाफ धरते आणि पाव नरम पडतो. डिलिव्हरी हातात आल्या आल्या कागद उघडा, वाफ जाऊ द्या, हवं तर तव्यावर बिनतेलाचं अर्धा मिनिट शेकून घ्या.

उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं की पाव वातड होतो, बाहेर ठेवण्यापेक्षाही लवकर. पण आत चिकन, पनीर किंवा मेयोनीज असेल तर दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. सारण काढून डब्यात, फ्रिजमध्ये. पाव वेगळा, बाहेर. लेट्युस आणि काकडी तेव्हाच खाऊन टाका.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला निघणारी पुष्कळ माणसं जाता जाता आमच्याकडून पार्सल नेतात. त्यांना मी न भाजलेला पाव, भाजकी पॅटी, चीज, कांदा आणि ढबू मिरची एवढंच सुचवते, सॉसची पुडी वेगळी. चिकन नको, कारण गाडीत लोक कधी खातील याचा नेम नसतो. मिरजेच्या आत खाणार असाल तर भाजूनच घ्या. आणि निघायच्या अर्धा तास आधी फोन करून ठेवा, संध्याकाळी तीच आमची गर्दीची वेळ असते.